पियानो तिथे मुक्काम

मेम्फिस स्लिम या नावाने जगाला ठाऊक असलेल्या वादकाचे पाळण्यातले नाव जॉन लेन चॅटमन. जन्म 3 सप्टेंबर 1915 चा, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातला. मृत्यू 24 फेब्रुवारी 1988 चा, पॅरिसमधला. 1962 मध्ये तो फ्रान्समध्ये राहायला गेला आणि उरलेले सगळे आयुष्य त्याने तिथेच काढले. त्याच्याविषयी जे लिहिले जाते त्यात या स्थलांतराची हकिकत बहुधा एकाच ठेक्यात येते: गोऱ्या अमेरिकेने काळ्या कलावंताला हिणवले, पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले, आणि त्याने मागे वळून पाहिले नाही. ही हकिकत खोटी नाही. वंशभेद होता, अपमान होते, पॅरिसमधला मानही खरा होता. पण तेवढ्यावर थांबले तर एक साधा प्रश्न तसाच राहतो. वंशभेद काय एकट्या त्याच्याच वाट्याला आला होता? 1962 च्या शरद ऋतूत ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ या नावाने जो ताफा युरोपात हिंडला, त्यात त्याच्याबरोबर गिटारवादक टी-बोन वॉकर आणि जॉन ली हूकर होते, सनी टेरी व ब्राउनी मॅगी ही माउथ ऑर्गन आणि गिटारची जोडी होती, बासवादक विली डिक्सन होता. सगळे काळे, सगळ्यांनाच हॉटेलांची मागची दारे आणि रंगानुसार वेगळे ठेवलेले पाण्याचे नळ ठाऊक. टाळ्या सगळ्यांना मिळाल्या. आणि ही सगळी मंडळी दौरा आटोपून घरी परतली. पॅरिसमध्ये बिऱ्हाड केले ते पियानोवादकाने.

एकाच माणसाचे उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण जुन्या पिढीतले जे ब्लूज कलावंत साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिका सोडून युरोपात स्थायिक झाले त्यांची नावे पाहावीत. न्यू ऑर्लिन्सचा चॅम्पियन जॅक ड्युप्री 1960 च्या आगेमागे निघाला आणि स्वित्झर्लंड, डेन्मार्क, इंग्लंड असा फिरत शेवटी जर्मनीत हॅनोव्हरला विसावला. कर्टिस जोन्स 1962 मध्ये आला आणि म्युनिकमध्ये वारला. एडी बॉइड 1970 पासून हेलसिंकीचा रहिवासी झाला. विली मेबन पॅरिसला आला, लिटल विली लिटलफील्ड नेदरलँड्समध्ये राहिला. हे सारे पियानोवाले. उलट, माउथ ऑर्गनचा बादशहा सनी बॉय विल्यमसन 1963-64 मध्ये इंग्लंडवर इतका खूश झाला की त्याने खास लंडनी थाटाचा दोन रंगांचा सूट शिवून घेतला. तरीही तो आर्कान्सातल्या हेलेनाला परतला आणि 1965 मध्ये तिथेच गेला. वंशभेद सगळ्यांना सारखाच, युरोपातले कौतुकही साधारण सारखेच, मग मुक्काम पियानोवाल्यांनीच का करावा? या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच, की मेम्फिस स्लिमचे परदेशी जाणे हा आधी एका कारागिराने आपल्या धंद्याचा केलेला हिशेब होता आणि मग बाकी सगळे. तो हिशेब समजला तर त्याचे पॅरिसमधले आयुष्यच काय, शिकागोतले आयुष्यही वेगळे दिसू लागते.

त्यासाठी ब्लूजचा पियानोवाला हा काय प्राणी होता ते आधी पाहावे लागेल. ब्लूज हे मुळात गाण्याचे रूप. बारा बारचे, म्हणजे बारा तालखंडांचे, एक आवर्तन, प्रामुख्याने तीन कॉर्ड, तीन ओळींचे कडवे. पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. हा सांगाडा इतका साधा की तो कोणत्याही वाद्यावर बसतो. गिटार त्यातले सर्वांत सोयीचे, कारण ते पाठीला लावून रेल्वेच्या डब्यात चढता येते. पियानोचे तसे नाही. आपल्याकडचा पेटीवाला पेटी बगलेला मारून पुढच्या गावच्या कीर्तनाला किंवा मैफलीला जातो. अमेरिकेच्या दक्षिणेतला पियानोवाला मात्र जायचा तो रिकाम्या हातांनी. वाद्य गुत्तेदाराच्या मालकीचे. इमारती लाकडाच्या तळांवर, टर्पेन्टाइन गाळणाऱ्यांच्या छावण्यांत, मिसिसिपीचे बांध घालणाऱ्या मजुरांच्या वस्तीत, जिथे दारू आणि जुगार असे तिथे एखादा बेसूर पियानो असे, आणि वादक त्याच्या शोधात फिरत असे. अशा अड्ड्यांना बॅरलहाउस म्हणत आणि तिथल्या वादनालाही तेच नाव पडले. स्लिमचा बाप पीटर चॅटमन स्वतः वाजवायचा आणि असे अड्डे चालवायचा. म्हणजे हा मुलगा वाद्याच्या मालकाच्या घरात जन्मला होता, तरी त्यालाही पुढे इतरांच्याच पियानोंवर पोट भरावे लागले.

या परिस्थितीतून दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, पियानो असेल तिथे जायचे आणि तो आहे तोवर राहायचे ही सवय या धंद्यातच मुरलेली होती. दुसरी अधिक सांगीतिक आहे. गोंगाटाच्या खोलीत एकट्याने नाच चालवायचा तर ताल आणि खालचा स्वर दोन्ही स्वतःच पुरवावे लागतात. ते काम डाव्या हाताने घेतले. बूगी-वूगी म्हणून ज्या वादनाची पुढे जगभर लाट आली त्याचा कणा म्हणजे डाव्या हाताचा न थांबणारा, बारमागून बार फिरत राहणारा बास. ढोलवाला नको, बासवाला नको. उजव्या हाताला स्वैर खेळायला मोकळीक. असा वादक पूर्ण वाद्यवृंद असतो आणि मालकाला तो एका माणसाच्या मजुरीत मिळतो. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्याला निदान एक साथीदार लागतो. शिकागोतल्या विजेच्या गिटारला तर चारपाच माणसांचा संच लागे, कारण तो नाद ढोल आणि बासशिवाय उघडा पडतो. एका संचाचे अटलांटिकपारचे भाडे आणि एका माणसाचे भाडे यांतला फरक कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

स्लिम 1939 मध्ये मेम्फिसहून शिकागोला गेला. लाखो काळी कुटुंबे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होती, त्याच वाटेने. शिकागोत गायक-गिटारवादक बिग बिल ब्रून्झीच्या साथीला पियानो वाजवणारा जोशुआ ऑल्टहायमर 1940 मध्ये वारला आणि ती जागा याला मिळाली. त्या वेळी तो बव्हंशी रूझवेल्ट साइक्ससारखा वाजवत असे. ब्रून्झीने त्याला सांगितले की दुसऱ्याचे वाजवणे सोड आणि स्वतःचे काही शोध. सल्ला सोपा, पाळायला अवघड. पण याने तो पाळला. त्याच वर्षी ओके कंपनीने त्याची रेकॉर्ड बापाच्या नावाने, पीटर चॅटमन म्हणून, काढली. पाठोपाठ ब्लूबर्डसाठी ध्वनिमुद्रण करताना निर्माता लेस्टर मेलरोजने त्याला ‘मेम्फिस स्लिम’ करून टाकले. युद्ध संपल्यावर त्याने स्वतःचा संच उभा केला, ‘हाउस रॉकर्स’. त्यात सॅक्सोफोन होते, बास होता, आणि मिरॅकल या छोट्या कंपनीसाठी वाजवलेले त्याचे ‘मेसिन अराउंड’ 1948 मध्ये काळ्या श्रोत्यांच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. 1952 पासून मॅट मर्फीची गिटार त्याच्या संचात आली आणि युनायटेड कंपनीच्या रेकॉर्डांवर ती जी चमकते ती आजही ऐकावी. हा मुद्दा मी लांबवतो आहे याचे कारण असे की युरोपने पुढे ज्याला ‘लोकगायक’ म्हणून मंचावर बसवले तो माणूस त्याआधी सुटाबुटातला, शहरी नाचघरांचा यशस्वी बँडप्रमुख होता. खेड्यातून थेट उचलून आणलेला भाबडा कलावंत तो कधीच नव्हता.

मग बिनसले काय? काही त्याचे, बरेचसे पियानोचे. ब्लूजच्या पियानोवाल्यांना अमेरिकेने फार काळ पोटभर कधी दिलेच नव्हते. बूगी-वूगीचे जनक म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांपैकी जिमी यान्सी शिकागोतल्या बेसबॉलच्या मैदानाची निगा राखून जगला. अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस यांनी टॅक्सी चालवल्या. 1938 च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलच्या मंचावर अमन्स, लुइस आणि पीट जॉन्सन एकत्र बसले, दोनचार वर्षे साऱ्या देशाला बूगीचे वेड लागले, आणि मग ते ओसरले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मडी वॉटर्सच्या विजेच्या गिटारने शिकागोचा आवाज बदलला. आतापर्यंत खोलीत सर्वांत मोठा आवाज पियानोचा होता. ॲम्प्लिफायर आल्यावर तो सर्वांत लहान झाला. पियानोवाला मधल्या खुर्चीवरून कडेच्या खुर्चीवर गेला. ओटिस स्पॅनसारखा असामान्य वादक मडी वॉटर्सच्या संचात साथीदार म्हणूनच कीर्तिमान झाला. मद्यालयांच्या मालकांना ज्यूकबॉक्स स्वस्त पडे. त्याला पगार लागत नाही आणि तो सुरात राहतो. त्यातच पन्नासच्या दशकाच्या मध्यावर रॉक अँड रोल आले आणि तरुण काळ्या श्रोत्यांना सॅक्सोफोन-पियानोचा तो जुना बाज वडीलधाऱ्यांचा वाटू लागला. स्लिमने 1958-59 मध्ये व्ही-जे कंपनीसाठी उत्तम रेकॉर्ड केल्या. त्या चांगल्या आहेत हे आज सगळे मान्य करतात. त्या वेळी त्यांच्यावर त्याचे घर चालले असते असे मात्र वाटत नाही.

इथे एक वळण आहे आणि चरित्रांत ते सहसा ओझरते येते. पॅरिसने स्लिमला एकट्याने वाजवणारा केले, असा समज आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या जाण्याआधी, न्यूयॉर्कमध्ये घडले. 1959 च्या सुमारास गोऱ्या, सुशिक्षित, डाव्या विचारांकडे झुकणाऱ्या तरुणांमध्ये लोकसंगीताचे पुनरुज्जीवन जोरात होते. फोकवेज ही मोझेस ॲशची कंपनी त्यांचे विद्यापीठ. तिने स्लिमला संचाविना, नुसते पियानोवर बसवून ‘रिअल बूगी-वूगी’ या शीर्षकाची तबकडी काढली. पाठोपाठ आणखी काही. विली डिक्सनबरोबर त्याची जोडी जमली. दोघे कॉफीहाउसांत, महाविद्यालयांत, मग 1960 मध्ये परदेशातही वाजवून आले. म्हणजे श्रोता आधी बदलला, नंतर देश. नाचणाऱ्या काळ्या गर्दीच्या जागी शांत बसून ऐकणारे गोरे श्रोते आले, आणि त्यांना संच नको होता, ‘खरा’ एकटा माणूस हवा होता. गिटारवाल्यांना यासाठी विजेची तार काढून जुनी लाकडी गिटार हाती घ्यावी लागली, आणि 1951 मध्ये ब्रून्झीला युरोपात शेतमजुराच्या थाटात उभे राहावे लागले होते. पियानोवाल्याला काहीच सोंग आणावे लागले नाही. त्याचा डावा हात पहिल्यापासूनच एकट्यासाठी तयार झाला होता.

आणि पॅरिस तयारच होते. जॅझवादक सिडनी बेशेने पन्नासच्या दशकात तिथे राहून लोकप्रियता भोगली होती, ढोलवादक केनी क्लार्क 1956 पासून तिथे होता, पियानोवादक बड पॉवेल 1959 पासून. तळघरांतले जॅझ क्लब होते, त्यांत रोज रात्री वाजवायला वादक लागत, आणि मुख्य म्हणजे त्या तळघरांत, हॉटेलांत, नगरपालिकांच्या सभागृहांत सुरात लावलेले पियानो होते. पियानो हे युरोपचे घरचे वाद्य. त्याची देखभाल करणारे लोक, त्याच्यासमोर गप्प बसायची शिस्त, हे सगळे शेदोनशे वर्षांपासूनचे. ब्लूजवाल्याच्या नशिबी अमेरिकेत आलेले मोडके, फुटक्या पट्ट्यांचे पियानो आठवले तर हा फरक किती मोठा ते ध्यानात येईल. लॅटिन क्वार्टरमधल्या ‘त्रोआ मायेत्झ’ या तळघरात स्लिमने ठाण मांडले. 1962 मध्ये तिथे डिक्सन आणि फ्रेंच ढोलवादक फिलिप कोंबेल यांच्याबरोबर केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. रोजचे काम, ठरलेला मोबदला, चांगले वाद्य. पुढे रोल्स रॉइसमधून पॅरिसभर हिंडणारा स्लिम ही प्रतिमा फार लोकप्रिय झाली. ती गाडी कुठल्या पैशातून आली हे विचारण्यासारखे आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग तरी अमेरिकेतच सापडतो. ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ या गाण्याचे त्याने केलेले रूप त्याच्या पीटर चॅटमन या नावावर नोंदले गेले होते. 1955 मध्ये काउंट बेसी आणि बी. बी. किंग या दोघांनीही ते गाजवले. खरे तर त्याच शीर्षकाचे गाणे 1935 मध्ये पाइनटॉप स्पार्क्सने ध्वनिमुद्रित केले होते. ब्लूजमध्ये मालकीचा प्रश्न असाच असतो, आणि ज्याच्या नावाची नोंद पक्की त्याच्या खिशात पैसा.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. धंद्याचा हा हिशेब मांडताना वंशभेदाला दुय्यम ठरवले जात नाही का? ड्युप्री आणि बॉइड या दोघांनी आपल्या जाण्यामागचे कारण म्हणून वंशभेदाकडेच बोट दाखवले होते. मग त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते असे म्हणायचे का? मुळीच नाही. स्लिमच्या बाबतीत तर भक्कम पुरावा आहे. 1946-47 च्या सुमारास लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने ब्रून्झी, स्लिम आणि (वर आलेला नव्हे, त्याच नावाचा आधीचा) सनी बॉय विल्यमसन या तिघांना न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रकासमोर बसवून बोलते केले. मिसिसिपीतल्या बांधांवरची वेठबिगारी, तुरुंगातल्या मजुरांच्या टोळ्या, गोऱ्यांनी केलेले खून, हे सगळे ते मोकळेपणाने बोलले. आणि नंतर ते ऐकून स्वतःच घाबरले. दक्षिणेतल्या आपल्या नातलगांवर सूड उगवला जाईल म्हणून त्यांनी नावे देऊ नका असे विनवले. 1959 मध्ये ही तबकडी अमेरिकेत निघाली तेव्हा बोलणाऱ्यांना खोटी नावे दिलेली होती. खरी नावे छापली गेली ती स्लिमच्या मृत्यूनंतर. शिकागोत पहिल्या क्रमांकाचे गाणे देणारा माणूस आपले मत स्वतःच्या नावाने मांडू शकत नव्हता. यापेक्षा बोलका पुरावा नको. तेव्हा वंशभेद हे जाण्याचे कारण होतेच. पण ते सगळ्यांनाच लागू असलेले कारण होते. जाण्याची इच्छा हजारोंना झाली असेल. ती पुरी करून तिकडे टिकणे ज्यांना जमले ते कोण, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वाद्यात आहे.

शिवाय ‘पॅरिसने काळ्यांना समान मानले’ हे विधानही जरा तपासून घ्यावे. 17 ऑक्टोबर 1961 रोजी, म्हणजे स्लिमने तिथे बस्तान बसवण्याच्या वर्षभर आधी, त्याच शहरात पोलिसप्रमुख मोरिस पापोंच्या हाताखालच्या पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांवर अत्याचार केले. अनेकांना ठार केले, काहींना सेन नदीत फेकले. पॅरिसमध्ये रंगभेद नव्हता असे नाही. तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला होता. अमेरिकन पासपोर्ट असलेला काळा वादक आणि उत्तर आफ्रिकेतून आलेला मजूर यांना एकच पोलीस वेगवेगळे वागवत असे; लेखक जेम्स बाल्डविनने पॅरिसमध्ये राहून हे ओळखले आणि लिहिले. स्लिमला मिळालेला मान हा पाहुण्याचा मान होता, आणि पाहुण्याचा मान त्याच्या कलेवर टांगलेला असतो. कला म्हणजे इथे पुन्हा तो डावा हात.

दुसरा आक्षेप मोजणीचा. पाचसहा नावांवरून नियम कसा काढायचा? मिकी बेकर हा गिटारवादक पॅरिसमध्येच राहिला, पुढे लूथर ॲलिसनही. आणि साइक्स, सनीलँड स्लिम, स्पॅन हे पियानोवाले अमेरिकेतच मेले. बरोबर. हा नियम नाहीच, कल आहे. पण अपवादही तपासले तर कल पक्काच होतो. बेकर स्टुडिओतला कसलेला व्यावसायिक. तो स्वररचना करू शके, वादनाची पुस्तके लिहू शके, म्हणजे त्यालाही संचावाचून जगण्याचे साधन होते. ॲलिसन पुढच्या पिढीचा, रॉकच्या काळातला. स्पॅनला मडी वॉटर्सचा संच होता, साइक्सला दक्षिणेतली आपली ठरलेली वर्तुळे. ज्या पियानोवाल्याला घरी खुर्ची होती त्याला जायची घाई नव्हती. आणि ही वाट साठच्या दशकात अचानक उघडली असेही नाही. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला टेडी वेदरफोर्ड 1926 मध्येच पूर्वेकडे निघाला होता. तो जॅझचा पियानोवादक, ब्लूजचा नव्हे. पण धंदा तोच. शांघायमध्ये नाव काढून तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, तिथल्या अमेरिकन संचांत गोव्याचे तरुण वादक वाजवू लागले आणि पुढे त्यातलेच काही हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. वेदरफोर्ड 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. शांघाय, मुंबई, कलकत्ता ही त्याची तीन शहरे आणि तिन्ही ठिकाणी एका मोठ्या हॉटेलातला एक चांगला पियानो.

धंद्याचा हिशेब म्हटला की तो कधी चुकतोही. कर्टिस जोन्सने 1937 मध्ये ‘लोनसम बेडरूम ब्लूज’ गाजवले होते. युरोपात आल्यावर तो तुटपुंज्या मिळकतीवर देशोदेशी फिरत राहिला, 1971 मध्ये म्युनिकमध्ये गेला, आणि काही वर्षांनी देखभालीचे पैसे कुणी भरले नाहीत म्हणून त्याच्या थडग्याची जागाही विकली गेली. बॉइडने 1952 मध्ये ‘फाइव्ह लाँग इयर्स’ हे पहिल्या क्रमांकाचे गाणे दिले होते, पोलाद कारखान्यात राबलेला माणूस. हेलसिंकीत त्याला शांतता मिळाली, घर मिळाले, पण फिनलंडसारख्या छोट्या देशात ब्लूज ऐकणारे असणार किती? ड्युप्रीचे जरा बरे. अनाथालयात वाढलेला, मुष्टियुद्ध खेळलेला, युद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेला हा माणूस गप्पिष्ट, विनोदी, स्वयंपाकात तरबेज. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्ससारख्या गिरणगावातही तो लोकांत मिसळून राहिला. 1941 मधल्या त्याच्या ‘जंकर ब्लूज’वरून फॅट्स डॉमिनोने 1949 मध्ये ‘द फॅट मॅन’ बांधले आणि नाव व पैसा डॉमिनोला मिळाला. ड्युप्री तीसएक वर्षांनी, 1990 मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवात वाजवायला गेला आणि परत हॅनोव्हरला येऊन 1992 मध्ये वारला. स्लिम या सगळ्यांत यशस्वी, आणि त्याच्या यशात वाद्याइतकाच स्वभावाचाही वाटा आहे. उंच, रुबाबदार, कपड्यांचा शौकीन, गोड घोगऱ्या आवाजाचा; मंचावर तो यजमानासारखा वागे. जोन्स तसा नव्हता.

तिसरा आक्षेप सांगीतिक आहे आणि त्याला मी निम्मा तरी मान देतो. पॅरिसमध्ये स्लिमने अमाप ध्वनिमुद्रण केले, मागेल त्या कंपनीसाठी केले, आणि त्यातले बरेचसे तेच ते आहे. तीच प्रस्तावना, तेच शेवटचे वळण, डाव्या हाताच्या त्याच दोनचार ठरलेल्या चाली. नाचणारा श्रोता चुकीच्या तालावर पाय थांबवून लगेच निकाल देतो; आदराने बसलेला श्रोता सगळ्यालाच टाळ्या देतो, आणि अशा श्रोत्यापुढे पंचवीस वर्षे वाजवणे कोणत्याही वादकाला महागात पडते. अधूनमधून धार परत येते ती बाहेरचे कुणी समोर आले की. 1970 मध्ये शिकागोचे ब्लूजवाले बडी गाय आणि ज्युनियर वेल्स फ्रान्समध्ये आले तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात तो जागा झालेला ऐकू येतो. त्याचा खरा तोटा माझ्या मते वेगळाच आहे: सॅक्सोफोनचा तो संच गेला तो गेलाच. डाव्या हाताने त्याला परदेशी टिकवले, आणि त्याच हाताने त्याला एकटे ठेवले. युरोपातल्या दोन पिढ्यांनी मग एकट्याचा पियानो हाच मूळ ब्लूज असे मानले आणि ‘हाउस रॉकर्स’ ही जणू बाजारी तडजोड होती असे लिहिले. प्रत्यक्षात शिकागोतल्या संचात आणि पॅरिसमधल्या एकट्या बैठकीत बाजाराचा हात सारखाच होता. फक्त गिऱ्हाईक वेगळे.

फ्रान्सने त्याला कला आणि साहित्याच्या सन्माननीय श्रेणीत कमांडर केले. अमेरिकेच्या सिनेटने त्याला सदिच्छा राजदूत म्हटले. देश सोडून गेलेल्या माणसाला देशाचा राजदूत म्हणण्यात जी गंमत आहे ती सिनेटच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला तेव्हा त्याला पॅरिसमध्ये पुरले नाही, मेम्फिसला नेले. पुढच्या वर्षी ‘ब्लूज हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचे नाव लागले.

पुढचे चरित्र वाचणाऱ्याने कान बंद ठेवून वाचू नये, एवढी विनंती आहे. क्रमही महत्त्वाचा. आधी 1946 ते 1954 या काळातला शिकागोचा संच ऐकावा, मिरॅकल आणि युनायटेडसाठी वाजवलेला. मग 1959 ची फोकवेजची तबकडी. आणि त्यानंतरच पॅरिसच्या तळघरातले 1962 चे ध्वनिमुद्रण. उलट्या क्रमाने ऐकणारा त्याला लोकगायक समजून बसतो, आणि त्याची अर्धी कामगिरी त्याच्या कानांवर पडूनही त्याला ऐकू येत नाही.